चौसष्टाव्या पानावरची खीर

लिलाधर पहिल्यांदा आमच्या प्रेसमध्ये आला तेव्हा माझ्या हातात एक स्टीलचा डबा होता, डब्यावर ताटली उपडी घातलेली होती आणि मी मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणत होते. तेवढ्यात दार वाजलं. मी मान न वळवताच म्हणाले, "जे कोणी असाल ते तिथंच थांबा. दार आपटू नका."

जे कोणी होते ते थांबले.

मी डबा उलटा केला. बोटांनी हलकेच ठोकला, वर उचलला... आणि आतलं कॅरॅमल पुडिंग थरथरत ताटलीत उतरलं. कुठे तडा नाही, कुठे चिकटलेलं नाही. तांबूस पाक चारी अंगांनी ओघळला. मी श्वास सोडला आणि मग दाराकडे पाहिलं. एक उंच, सावळा मुलगा, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, एक पाय आत आणि एक बाहेर.

"आता येऊ का?" त्याने विचारलं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. भंडाऱ्याच्या बाजारगल्लीत धनीरामकाकांची छोटी प्रेस होती आणि मी तिथे टायपिंग करायची, पानं लावायची. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, कोणाकोणाच्या तेरवीची पत्रं. तो आपली व्हिजिटिंग कार्डं छापून घ्यायला आला होता. लग्नाचे फोटो काढायचा, गाव सिहोऱ्याच्या पुढे, खोली इथेच भंडाऱ्यात. मी त्याला बसायला सांगितलं आणि माझ्या मोबाइलवर पुडिंगचा फोटो काढू लागले. ट्यूबलाइटखाली ते पुडिंग कपडे धुवायच्या साबणासारखं दिसत होतं. मी इकडून काढला, तिकडून काढला. शेवटी तो उठला.

"राग येत नसंल तं... ते खिडकीत ठेवा ना."

मी ठेवलं. त्याने कॅमेरा काढला, गुडघ्यावर बसला आणि एकच फोटो काढला. फक्त एक. मला दाखवला तेव्हा मला वाटलं, हे मी केलंच नाही, कोणी तरी दुसऱ्याच बाईने केलं असेल.

ते पुडिंग खरं तर शोभाताईंच्या पुस्तकातलं. शोभाताईंनी जवाहरनगरच्या शाळेत तीस वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर भंडाऱ्यात एकट्याच राहत. ज्यांना स्वयंपाकाची फार हौस नाही पण घरच्यांना काही गोड करून घालायचं आहे, ज्यांना रविवारी उशिरा उठून नाश्ता आणि जेवण एकदमच उरकायचं आहे, अशांसाठी त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. 'सोपं गोड, निवांत न्याहारी'. चाळीस पाककृती, त्यांच्या सरळ, ठसठशीत अक्षरात. टाइप करताना मी तिसऱ्याच पाककृतीशी अडले. 'ओव्हन एकशे ऐंशी अंशांवर तापवून घ्यावा.' मी भीत भीत त्यांना सांगितलं की आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात ओव्हन नाही. शोभाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या म्हणाल्या, मग कुकरमध्ये शिट्टी काढून किती वेळ लागतो ते तूच करून सांग.

अशी मी टायपिंग करता करता पुस्तकाची परीक्षा घेणारी झाले. आणि त्या एका फोटोमुळे लिलाधर पुस्तकाचा फोटोग्राफर झाला.

दिवाळीपासून दर रविवारी आम्ही शोभाताईंच्या स्वयंपाकघरात जमू लागलो. साडेदहाच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीतून ओट्यावर ऊन येई आणि तासाभरात निघून जाई. तेवढ्या वेळात सगळं व्हायला हवं. मी रव्याचा केक करायची, ब्रेडचं पुडिंग करायची, गुळाचे आयते तव्यावर सोडायची. तांदळाच्या पिठाचे जाळीदार आयते आमच्याकडे घरोघरी होतात, पण पुस्तकात यायचा मान त्यांना शोभाताईंनीच दिला. लिलाधर स्टुलावर चढे, जमिनीवर लोळे, आणि मला सारखा एकच हुकूम सोडी, हात हलवू नका.

एकदा मी वैतागून म्हणाले, "हात कायले पाहिजे फोटोत? ताटली दाखवा ना."

"ताटली एकटी काय करते?" तो कॅमेऱ्यातूनच बोलला. "कोणी तरी आपल्याले देऊन राहिलं, असं वाटलं पाहिजे."

मी ताटली पुन्हा दोन्ही हातांत धरली. त्यानंतर मात्र प्रत्येक फोटोआधी मी हात दोनदा धुऊ लागले. ते त्याला दिसत असणारच.

शब्दांवरूनही आमची भांडणं होत. शोभाताईंनी सगळीकडे कोथिंबीर लिहिलं होतं. मी म्हणायची सांबार लिहा, आपल्या बायका बाजारात सांबारच मागतात. लिलाधरने माझी बाजू घेतली. म्हणाला, कोथिंबीर म्हटलं तर माझ्या आईला ते कोण्या बाईचं नाव वाटेल. शोभाताई हसून हसून खुर्चीत बसल्या. शेवटी पुस्तकभर सांबार ठरलं आणि बाहेरगावच्यांसाठी एक तळटीप.

त्याच्याबद्दल मला हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली. घरचे मासेमारी करणारे. तलावात शिंगाड्याचा वेल लावतात. बारावीनंतर हा एका स्टुडिओत झाडू मारत कॅमेरा शिकला. चांगलं लागलं की तो 'छान' म्हणत नसे, एकदम गप्प होई आणि आणखी थोडं वाढून घेई. एक दिवस त्याने सहज सांगितलं की फोटोग्राफर नेहमी शेवटच्या पंगतीला जेवतो. आठ वर्षं तो लग्नात जेवत होता आणि या आठ वर्षांत त्याच्या पानात एकही पुरी गरम पडली नव्हती. तो हे हसत सांगत होता. मला मात्र ते लागलं. इथेही तेच होत होतं, फोटो होईपर्यंत सगळं निवून जाई आणि मग तो खाई.

पुढच्या रविवारपासून मी प्रत्येक पदार्थ दोनदा करू लागले. पहिला त्याच्यासाठी, तव्यावरून थेट. दुसरा कॅमेऱ्यासाठी. पहिल्या दिवशी मी गरम आयता त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याला कळेचना.

"फोटो?"

"फोटोचा मागून होईल. हा खा पयले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी आधी अनुभवलं नव्हतं... कॅमेरा मध्ये नव्हता ना. शोभाताई तेवढ्यात अंगणात कशाला तरी निघून गेल्या.

डिसेंबरात पुस्तकाची पानं लावून झाली आणि एक अडचण आली. सोळा पानांचे चार फर्मे, म्हणजे चौसष्ट पानं. आमचा मजकूर त्रेसष्टाव्या पानावर संपत होता. धनीरामकाका म्हणाले, शेवटच्या पानावर आपल्या प्रेसची जाहिरात टाकू. मला ते पटेना. शोभाताई म्हणाल्या, माझ्याकडचं सगळं संपलं. तेव्हा लिलाधर म्हणाला, त्याची आई ताज्या शिंगाड्याची खीर करते, तशी कुठेच खाल्ली नाही. पण तिला माप विचाराल तर ती हसेल.

मी म्हटलं, माप मी घेते.

घरी शोभाताईंचं काम म्हणून सांगितलं, ते खोटंही नव्हतं. सकाळी त्याच्या मोटारसायकलवर निघालो. मोहाडी गेलं, तुमसर गेलं, धुकं काही हटेना. धान कापून झालेलं, बांधाबांधावर पेंढ्यांची पुंजणी रचलेली, ओल्या तणसाचा वास. त्याने स्वतःचा मफलर मला दिला आणि स्वतः दात वाजवत गाडी चालवली. तुम्हाला सांगते, त्या दोन तासांत आम्ही दहा वाक्यंसुद्धा बोललो नसू. पण तो रस्ता मला अजून वळणावळणाने पाठ आहे.

त्याची आई, रेवताबाई, तलावात छोट्या होडीत, डोंग्यात होत्या. तलावावर हिरव्या पानांचा नुसता गालिचा, आणि त्यात वाकून वेल उलटा करून शिंगाडे तोडणारी एक सडपातळ बाई. लिलाधरने हाक मारली. त्या काठाला आल्या, लुगडं पिळलं, आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. त्याचे वडील केवळरामजी मासळी घेऊन तुमसरच्या बाजारात गेले होते. घरात आम्ही तिघंच.

शिंगाडे उकडले, सोलले, पाट्यावर ठेचले. दुधात शिजवले. गूळ मात्र भांडं चुलीवरून उतरवून, खीर जराशी निवल्यावर घातला, नाहीतर दूध फाटते म्हणाल्या. वरून चिमूटभर सुंठ. मी वही काढून बसले होते. किती शिंगाडे, विचारलं तर म्हणाल्या, तीन ओंजळी. मग मी त्यांची ओंजळ वाटीने मोजली. दीड वाटी भरली. माझी जेमतेम एक. त्यांनी माझे हात हातात घेऊन पाहिले.

"लहान हायेत तुये हात. कोणाची पोरगी तू?"

मी सांगितलं, भंडाऱ्याच्या टेकचंद कोष्ट्यांची. घरी माग आहे. रेवताबाईंचा चेहरा जरासा बदलला. खिरीची वाटी त्यांनी हातातच धरून ठेवली.

"आमच्या घरचं चालंल ना तुले?"

मी त्यांच्या हातातून वाटी घेतली, तिथेच चुलीपाशी बसून संपवली आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली. त्यांनी ती काठोकाठ भरली. लिलाधर दारात उभा होता. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता.

परतताना तुमसरला चहाला थांबलो. दोन कटिंग आले. तो बराच वेळ ग्लास फिरवत राहिला.

"मोनिका... तू..."

तोवर आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणत होतो. मी ग्लास खाली ठेवला.

"...तू शाल नाही आणली का?" तो म्हणाला.

"नाही आणली," मी म्हणाले. आणि आम्ही निघालो.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. मी दोन आयते केले, एक त्याच्यासाठी. तो निवला, वातड झाला. शोभाताई फोन लावून पाहा म्हणाल्या. फोन लागत नव्हता. दोन दिवसांनी उरलेले फोटो पेनड्राइव्हमधून कोणाच्या तरी हाती प्रेसमध्ये आले. मग धनीरामकाकांच्या बोलण्यातून उलगडा झाला. माझ्यासाठी जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या भुपेंद्रचं स्थळ चालून आलं होतं. आमच्यातलंच, चांगलं घर. काकांनी ते मोठ्या कौतुकाने लिलाधरला सांगितलं होतं. बिचाऱ्या काकांचा काय दोष!

मला राग आला. भुपेंद्रचा नाही, काकांचा नाही. शालीचं विचारणाऱ्याचा.

जानेवारीत पुस्तक छापून आलं. शाईचा वास असलेली पहिली प्रत मी घरी नेली. बाबा मागावर होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून एकेक पान पाहायला सुरुवात केली. बाबांना वाचायची फार सवय नाही. ते फोटोच पाहत होते. वीस पानं झाली, तीस झाली. आई स्वयंपाकघरातून मला खुणेने विचारत होती, काय म्हणतात? मी मान हलवली. बाबांनी पुस्तक मिटलं नाही, मधे बोट घालून ठेवलं.

"फोटो कोणं काढले?"

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. त्याचे घरचे काय करतात तेही सांगितलं, कारण बाबा विचारणारच होते.

"मी चाळीस वर्षं हातावरच जगलो," बाबा म्हणाले. "हात पाह्यलं की मले समजते. या पुस्तकात भांडं एका कोपऱ्यात हाय अन् तुये हात मधात. हरेक पानावर. कोणी उगाच नाही पाहत इतकं." त्यांनी चष्मा काढला. "तुले आवडते का तो?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर आयुष्यभर नाहीच म्हणावं लागेल.

"हो," मी म्हणाले.

बाबा उठले आणि अंगणात गेले. तीन दिवस माग बंद राहिला. आमच्या घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागाचा खटखट आवाज असतो, तो बंद झाला की भिंतीसुद्धा परक्या वाटतात. आई एक दिवस रडली. लोक काय म्हणतील म्हणाली, मावशी काय म्हणेल म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र भाजी निवडता निवडता तिने विचारलं, त्याला भाऊ किती?

तिसऱ्या दिवशी लिलाधर प्रेसमध्ये आला. त्याच्या वाट्याच्या दहा प्रती घ्यायला. दाढी वाढलेली. सोमवारपासून रायपूरच्या एका स्टुडिओत कामाला चाललो म्हणाला, टेबलाशी बोलत असल्यासारखा. धनीरामकाका मशीनपाशी होते. मी प्रती मोजून बांधायला घेतल्या. सुतळीची गाठ काही बसेना.

"मी बाबाले सांगितलं," मी म्हणाले.

"काय?"

"की तू मले आवडते म्हणून."

मशीन चालू होती, म्हणून बरं. तो हळूच म्हणाला, "मले सांगाच्या आधी?"

"बाबा घरात होते. तुया फोन लागत नव्हता."

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, गेलं, पुन्हा आलं. बाबा काय म्हणाले ते त्याने विचारलं. मी सांगितलं, काहीच नाही, माग बंद आहे. तो खुर्चीवर बसला. नंतर उठला आणि म्हणाला, तो आत्ताच घरी येतो, बाबांशी बोलतो. मी विचारलं, काय बोलशील?

"तेच. दिवाळीपासून तुले सांगून राहिलो अन् जमतच नाही ते."

"मंग पयले मले सांग."

त्याने मशीनकडे पाहिलं, काकांच्या पाठीकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आला.

"तुमसरले... शालीचं नव्हतं विचाराचं मले."

"मले माहीत होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"मी कायले बोलू? वाक्य तुयं होतं."

तेव्हा तो मोकळा हसला. आणि मग त्याने ते वाक्य पूर्ण केलं. ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की सुतळीची गाठ त्यानेच मारली, आणि तीही दुसऱ्या खेपेला बसली.

तो घरी आला. बाबांनी त्याला मागाजवळ बसवलं आणि तासभर फक्त कामाचं विचारलं, दिवसाला किती तास उभं राहावं लागतं, डोळ्यांना त्रास होतो का. आईने चहा दिला. जाताना बाबांनी त्याच्याकडून गावचा रस्ता नीट समजून घेतला. रायपूरला मात्र तो गेला नाही.

आठवड्याने बाबा एकटेच बसने सिहोऱ्याला गेले. आम्ही दोघी दिवसभर दाराकडे डोळे लावून होतो. संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या हातात शिंगाड्यांची पिशवी होती आणि पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. रेवताबाई तलावात होत्या, काठावर येईनात, म्हणून बाबांनीच डोंग्यात बसून बोलणं केलं होतं. बाबा, ज्यांनी आयुष्यात वैनगंगेत पाय धुण्यापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, ते डोंग्यात. केवळरामजी वल्हवत होते म्हणे.

आई म्हणाली, काय ठरलं ते सांगा आधी.

बाबा पायजमा पिळत म्हणाले की त्या लोकांना देणंघेणं काही नको. मानपान नको. पण त्या बाईची एक अट आहे.

"काय अट?" मी विचारलं.

"म्हणते, पोरीले पोहता आलं पाहिजे. घर तलावाच्या काठाले हाय, अन् पोरगा दिवसभर लग्नाच्या फोटोत. मी कायमची पाहाले नाही बसणार." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी म्हणलं, शिकंल."

वैशाखात लग्न झालं. भुपेंद्रही आला होता, दोनदा जेवला. त्या दिवशी लिलाधर पहिल्या पंगतीला बसला आणि शोभाताईंनी स्वतः त्याच्या पानात कढईतून काढलेली पुरी वाढली. पुढे त्या बंगळूरला मुलाकडे गेल्या. पुस्तकाच्या पाचशे प्रती कधीच संपल्या. चौसष्टाव्या पानावर नाव रेवताबाईंचं आहे आणि माप 'तीन ओंजळी, म्हणजे साडेचार वाट्या' असं आहे. त्यांना वाचता येत नव्हतं. ते पान त्या आल्यागेल्याला बोटाने दाखवत.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. घरात आता मी खीर करते, जवळजवळ तशीच होते.

पण मला आठवतात ते लग्नाच्या आधीचे चैत्रातले दिवस. दर शनिवारी मी बसने सिहोऱ्याला जायची आणि त्या मला तलावात उतरवायच्या. पाणी कोमट, पायाखाली मऊ चिखल, आणि पोटाखाली त्यांचा तो रुंद तळवा. मी घाबरून त्यांच्या गळ्यात पडे. त्या म्हणत, "पाण्याशी भांडू नको वो, बाई. अंग सोड." चौथ्या शनिवारी मी अंग सोडलं. वर पांढरंशुभ्र आकाश होतं आणि कानात नुसतं पाणी.

आमच्या घरात फोटोंचे तेरा अल्बम आहेत. त्या दिवसांचा मात्र एकही फोटो नाही. लिलाधर कॅमेरा घेऊन काठावर आला की रेवताबाई पाण्यातूनच ओरडायच्या, "हे बायकांचं काम होय, तू घरी जा." आणि तो मुकाट्याने घरी जायचा.